पडदा खरा, कागद लबाड

लाल शर्ट घातलेल्या माणसाला आमचे मालक दुकानात घेत नसत. पायरीवरच थांबवायचे आणि विचारायचे, "दुसरा हाय का अंगात घालायला?" माणूस बिचारा पासपोर्ट साइजचे फोटो काढायला आलेला असायचा. त्याला वाटायचं, लाल चालत नसेल, सरकारी नियम असेल. मालकांचं कारण वेगळंच होतं. लाल शर्ट कॉम्प्युटरच्या काचेत पडतो, काचेतला रंग नासतो आणि मग त्या दिवशी निघतील तेवढे सगळे फोटो बाटतात. पिवळ्या साडीला थोडी सवलत होती. तिला आत घ्यायचे, पण कोपऱ्यात बसवायचे.

हे दुकान बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. तेव्हा गल्लीत एसटीडीचे बूथ नुकते झाले होते, रंगीत टीव्ही हप्त्यावर मिळत होता आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर तो शहाणा असं मानायची पद्धत पडत होती. मालकांचा वडिलोपार्जित फोटो स्टुडिओ. त्यात त्यांनी एकदम कॉम्प्युटर, स्कॅनर आणि शाईचा रंगीत प्रिंटर आणून बसवला. तोवर रंगीत फोटो धुवायला औरंगाबादला जायचे. मालकांनी औरंगाबादशी संबंध तोडला आणि दारावर पाटी रंगवून घेतली: 'जसा पडद्यावर, तसाच कागदावर.' ही पाटी म्हणजेच त्यांची साडेसाती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने खिळे ठोकून लावली होती.

गल्ली त्यांना पाठीमागे रंगराव म्हणायची. तोंडावर मालक.

दुकानाच्या भिंती राखाडी होत्या. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. परदेशातला कोणी माणूस राखाडी खोलीत बसून फोटो करतोय, असं. मजकूर वाचता आला नव्हता, पण चित्र पुरलं. आठवड्याच्या आत चारी भिंती आणि छतसुद्धा राखाडी झालं. शेजारचा टेलर आत डोकावून म्हणाला, "मालक, अस्तर छान बसलंय. रंग कवा मारायचा?"

"हाच रंग हाय बे," मालक म्हणाले, आणि दिवाळीपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

घरून येताना ते काळा गॉगल लावत. बीडचं ऊन डोळ्यांत गेलं की डोळ्यांचा ब्राइटनेस बिघडतो, असं त्यांचं मत. दुकानात आले की गुलाबपाण्याने डोळे धुवायचे आणि राखाडी भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्या वेळात गिऱ्हाईक आलं तर त्याने थांबायचं. एकदा एक हवालदार आला. मालकांना असं भिंतीकडे बघत बसलेलं पाहून त्याने मला हळूच विचारलं, "घरात काही झालंय का यांच्या?" मी म्हटलं, "नाही, डोळे तापवतायत." त्याला ते पटलं. बीडमध्ये सकाळी कुठलीही जीप तापवल्याशिवाय निघत नसे.

मी तिथे ऑपरेटर होते. नेकनूरहून एसटीने यायचे. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, सर्टिफिकेटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं आणि ते पाहूनच मला नोकरी मिळाली असा माझा समज होता. खरं कारण लवकरच कळलं. मालकांच्या वडिलांचा लाकडी पेटीचा कॅमेरा होता. त्याचं काळं फडकं मालकांनी मॉनिटरवर टाकलं होतं. खरा रंग बघायचा तर गिऱ्हाइकाने त्या फडक्यात डोकं खुपसायचं, शेजारी मालकही खुपसणार. पुरुष खुपसायचे. बायका कशा खुपसतील? रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराच्या बायकोला यांनी भाबडेपणाने "या, आत या" म्हटलं, आणि गुत्तेदाराने पायातली चप्पल हातात घेतली. तेव्हा मालकांना लेडीज ऑपरेटरची गरज भासली.

माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ऑपरेटर, लाइट बंद करा. ऑपरेटर, चहा सांगा." त्यांची बायको डबा घेऊन यायची. तिने एकदा मला विचारलं, "ऑपरेटर हे आडनाव पारशांत असतंय ना?"

मालकांचं सगळं तत्त्वज्ञान चार शब्दांत मावायचं: पडदा खरा, कागद लबाड. पडद्यावर फोटो झगमगायचा आणि कागदावर आला की त्याचं तोंड उतरायचं. हिरवं मळायचं, लाल विटायचं, आणि निळं तर थेट जांभळं व्हायचं. त्याचं कारण मला हळूहळू उमगलं. पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. आणि आमच्या प्रिंटरच्या शाईत निळं असं नव्हतंच. आकाशी आणि गुलाबी मिसळून तो निळं करायचा, आणि गुलाबीच्या बाबतीत त्याचा हात फार सैल होता. पण मालकांच्या लेखी हा शाईचा प्रश्न नव्हता, नीतीचा होता. कागद मुद्दाम फसवतो. कागदाचा गठ्ठा उघडताना ते त्याला दम द्यायचे, "आज जर का लबाडी केली तर बघ." गठ्ठा संपेपर्यंत रोज नवा कागद, रोज नवा दम.

मॉनिटरच्या काचेला मात्र ते देवासारखं जपत. ती पुसायचा मान फक्त त्यांचा. त्यासाठी वडिलांच्या धोतराचा मऊ तुकडा वेगळा ठेवलेला. कोणी बोट दाखवताना काचेला टेकवलं की केवढ्याने तरी ओरडायचे, "काचेला हात न्हाई लावायचा!" एक म्हातारे गृहस्थ त्या ओरडण्याने खुर्चीवरून खाली बसले होते.

एका उन्हाळ्यात त्यांना अचानक शोध लागला. कागद ऐकत नाही ना, मग पडद्याला समजावू. त्यांनी मॉनिटरखालची बटणं फिरवायला घेतली. एक बिघडलेला फोटो शेजारी धरायचा, त्याच्यासारखं दिसेपर्यंत बटणं पिळायची. दुपारपर्यंत मॉनिटर शेवाळल्यासारखा हिरवा झाला. "जुळलं!" म्हणाले. जुळलं होतं, यात वाद नाही. मग त्या हिरव्या पडद्यावर त्यांनी नवे फोटो करायला घेतले. माणसं हिरवी दिसतात म्हणून त्यांच्यात गुलाबी भरत गेले. आठवडाभर आमच्या दुकानातून जो जो बाहेर पडला तो लाजून चूर झालेला. बँकेचे मॅनेजर लाजलेले, बसचे कंडक्टर लाजलेले, एक पैलवान तर नव्या नवरीसारखा लाजलेला. फोटो वाईट म्हणून परत आले, की मालक पुन्हा पडद्याची बटणं पिळायचे. कुत्रं शेपटीमागे फिरतं ते मी पाहिलंय, पण ते निदान दमतं तरी.

याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फोटो होता. गळ्यात पक्षाचं उपरणं. कागदावर ते उपरणं विरोधी पक्षाचं होऊन आलं. कार्यकर्ते जीप भरून आले, पाटी उखडायला निघाले. मालक दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "पडद्यावर या, पडद्यावर बघा. पडद्यावर साहेब एकनिष्ठ हायेत." कार्यकर्ते एकेक करून काळ्या फडक्यात डोकं घालून आले आणि साहेबांची निष्ठा बघून शांत झाले. वर्षाच्या आत त्या पुढाऱ्याने खरोखरच पक्ष बदलला. उपरणं तंतोतंत आमच्या फोटोतलं. मालकांनी मात्र त्याचं श्रेय कागदाला दिलं नाही. म्हणाले, "लबाडाला लबाड वळखू येतो."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मीही हसतच होते. मग कुशावर्ताबाई आली.

चकलांब्याची माहेरवाशीण. माझ्याहून थोडी मोठी असेल, पण उन्हाने वय चढवलेलं. बरोबर भाऊ बन्सी आणि काखेत एक वाकळ. जुन्या लुगड्यांची शिवलेली ती जाड गोधडी घेऊन कोणी फोटोच्या दुकानात येतं का? मालकांनी आधी शर्ट-साडीचा रंग तपासला, मग वाकळीकडे बोट केलं. "ही भाईर ठेवा. हिच्यात धा रंग हायेत."

"ठेवीत न्हाई," ती म्हणाली. "हिच्यासाठीच आलेय."

तिने ब्लाउजमधून एक छोटा काळा-पांढरा फोटो काढला. जत्रेत काढलेला. कुंकू ल्यालेली, दात जरा पुढे असलेली, हसू दाबून उभी असलेली एक बाई. "आई हाय. रंगीत करून मोठा पायजे. वर्षसराद हाय." मग वाकळ उलगडून तिने एक तुकडा दाखवला. कधीकाळचा निळा, धुऊन धुऊन राखेसारखा. "फोटूत हेच लुगडं हाय. माझ्या पयल्या कोयत्याच्या कमाईचं. मी घेतलतं. पर तवा असं न्हवतं हे. तवा निळंशार व्हतं."

बोलता बोलता बाकीचं निघालं. आई गेली तेव्हा ही आणि नवरा कारखान्याच्या तळावर होते, ऊस तोडायला. निरोप पोचेपर्यंत तेरावा होऊन गेला होता. यंदा ती कोयत्यावर गेलीच नव्हती, वर्षश्राद्ध चुकू नये म्हणून.

"तोंडात पानी घालायला बी मी न्हवते," ती म्हणाली.

"मी व्हतो की," बन्सी म्हणाला. "मी घातलं पानी."

"तू व्हतास. मी न्हवते."

ती आणि मी फडक्यात शिरलो. फोटो स्कॅन करून मी पडद्यावर आणला होता. आधी कातडीचा रंग, मग कुंकू, मग काठ. ती सांगायची, मी भरायचे. शेवटी लुगडं. "आजून निळं," ती म्हणायची. मी चढवायचे. "आजून. न्हाई, इतकं न्हाई… हां, आता आजून." बाहेरून मालकांचा आवाज यायचा, "बरोबर बोलतेत बाई, चढवा!" आणि मग एकदम ती म्हणाली, "बास." तिने हात पुढे केला. काचेजवळ गेल्यावर मॉनिटरच्या विजेने हातावरची लव उभी राहते, तशी तिची राहिली.

"आई हाय," ती म्हणाली. "अंगावर काटा आला बगा. तिनंच हात लावला."

"काचेला हात न्हाई लावायचा!" बाहेरून आरोळी आली.

मी प्रिंट काढली. आई जांभळी आली.

कुशावर्ताबाईने फोटो दारात उजेडात नेला, परत आणला आणि टेबलावर पालथा ठेवला. "ही कोन बाई हाय?" तिने विचारलं. बन्सी म्हणाला, "अगं, फोटू तर हाय. जांभळ्यानं काय बिघडतंय?" त्यावर तिने त्याच्याकडे जे पाहिलं, ते पाहून मीच नजर वळवली. मालकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "ताई, पाटी वाचली का? पडद्यावर जशी, तशीच कागदावर देणार. या परत." ती वाकळ दुकानात ठेवून गेली. रंग विसरू नये म्हणून.

मालकांनी चंग बांधला. कागद बदलला, शाई बदलली, प्रिंटरचं तोंड पूर्वेला केलं. दुपारी विजेचा जोर कमी असतो म्हणून सकाळी छापून पाहिलं. जांभळी. कुशावर्ताबाई बाजारच्या दिवशी यायची, फडक्यात शिरून आईला बघायची, प्रिंट बघायची, पालथी ठेवायची आणि निघायची. मालक तिच्या पाठीला सांगायचे, "पुढल्या बाजारी नक्की."

उपाय मला ठाऊक होता. पडद्यावर निळ्यातलं गुलाबी काढून टाकायचं. पडद्यावर लुगडं हिरवट, मोरपंखी दिसलं असतं, पण कागदावर निळं आलं असतं. मी तसं मालकांना सांगून पाहिलं. ते असे दचकले, जणू मी गल्ल्यात हात घातला. "म्हंजे पडद्याला खोटं बोलायला लावायचं? कावून? कागद सुधरत न्हाई म्हणून?"

एका दुपारी ते जेवायला घरी गेले तेव्हा मी ते करून टाकलं. हिरवट लुगडं पडद्यावर ठेवून प्रिंट सोडली. ओळीओळीने आई बाहेर आली. निळीशार. त्या वाकळीच्या तुकड्याला तरुण केलं तर जसं दिसेल तसं. मी ती प्रिंट वाळायला ठेवली आणि खरंच सांगते, मला आनंदाने काही सुचेना. मालक आले, गॉगल काढला, प्रिंट उचलली. "जुळलं!" ओरडले. गल्लीतल्या टेलरला हाक मारली, अस्तराचा टोमणा विसरून. मग पडताळा बघायला फडक्यात शिरले. बराच वेळ शिरून राहिले. बाहेर आले ते चेहरा पाडून, आणि त्यांनी तो फोटो फाडला. आधी उभा, मग आडवा.

"पडद्यावर एक अन् कागदावर एक," म्हणाले. "ही फसवणूक हाय. माझ्या पाटीखाली न्हाई चालणार."

मला त्यांचा असा राग आला की नोकरी सोडावी वाटलं. फोटो त्या बाईच्या आईचा, निळं त्या बाईच्या कमाईचं, आणि तत्त्व यांचं! त्या दिवसापासून संध्याकाळी घरी जाताना ते प्रिंटरमधली शाईची डबडी काढून डब्याच्या पिशवीत घालून न्यायला लागले, जेवायला जातानासुद्धा. सकाळी पुन्हा बसवायचे. एकदा पिशवीत डबडी कलंडली, आणि दुसऱ्या दिवशी जांभळी बोटं घेऊन आले. तो राग माझ्या मनात अजून पुरता विझलेला नाही.

वर्षश्राद्ध उद्यावर आलं. कुशावर्ताबाई आणि बन्सी दोघं आले. शेवटची प्रिंटसुद्धा जांभळी. कुशावर्ताबाई रडली नाही, वाकळीतला तो तुकडा चाचपत बसली. बन्सीचं डोकं मात्र फिरलं. "ह्या असल्या दुकानात यायलाच नको व्हतं. कागद खोटा म्हनता ना? मंग हा टीव्हीच न्या उचलून चकलांब्याला! त्यालाच घालतो हार!"

त्याने टोमणा मारला होता. मालकांनी सल्ला म्हणून ऐकला. त्यांचा चेहरा उजळला. "सकाळी जीप सांगा," ते म्हणाले.

सकाळी काळीपिवळी जीप आली. मालकांनी मॉनिटर कुशावर्ताबाईच्या वाकळीत गुंडाळला आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले. कॉम्प्युटरची पेटी माझ्या मांडीवर, यूपीएस पायाशी. प्रत्येक खड्ड्याला मालक ड्रायव्हरवर ओरडायचे, "हळू बे, बाई हाय आत!" गेवराईला चहाला थांबलो, तर टपरीवाल्याने वाकळीत डोकावून विचारलं, "आजारी हायेत का कुनी?" जांभळी प्रिंटही बरोबर घेतली होती. ती मी घेतली होती, त्यांनी नव्हे.

चकलांब्याला ओसरीत चौरंग मांडला. त्यावर मॉनिटर, मॉनिटरला झेंडूचा हार, पुढे समई. समईचा उजेड काचेत पडतो म्हणून मालकांनी ती लांब सरकवली. भटजींनी पुन्हा जवळ आणली. दोनतीनदा असं झालं. मग मालकांनी सगळ्यांकडे नजर टाकली आणि जाहीर केलं, "लाल पटक्याचे मागं सरका." पाव्हण्यांत निम्मे लाल पटक्याचे. श्राद्धाला आलेली माणसं, कोण वाद घालणार? सरकली. मग काळं फडकं पसरून ते म्हणाले, "एकेकानं यायचं. काचेला हात न्हाई लावायचा."

रांग लागली. बाया फडक्यात वाकायच्या आणि डोळ्यांना पदर लावून बाहेर यायच्या. "आगं, बोलंल आता," एक म्हणाली. मालक शेजारी छाती काढून उभे होते, त्यांनीच ती बाई घडवल्यासारखे. शेवटी कुशावर्ताबाईचे वडील आले. आबा. बराच वेळ वाकून बाहेर आले आणि म्हणाले, "बराबर हाय. पर लुगडं निळं कुठं व्हतं? हिरवं व्हतं."

मालकांचं तोंड पाहण्यासारखं झालं. "निळं," ते म्हणाले.

"हिरवं," आबा म्हणाले. "माझी बायकू हाय."

"आबा," कुशावर्ताबाई म्हणाली, "तिनं कवा काय नेसलं ते तुमी जलमात कधी बगितलं का?"

लोक हसले. आबाही हसले. आणि नेमकी तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. पडद्यावर मात्र बाई तशीच होती, कारण यूपीएस. पण यूपीएस बोलायला लागला. टूं… टूं… असा, मधे थांबत. एका म्हाताऱ्या चुलतीने विचारलं, "हे काय वाजतंय?"

"बॅटरीवर हाय," मालक म्हणाले. "राहतंय थोडा वेळ."

"मंग?" कुशावर्ताबाईने विचारलं.

मालकांना खोटं बोलता येत नसे. हा त्यांच्या वेडाचाच भाग. "मंग जाईल," ते म्हणाले. "लाइट आली तर लावता येईल परत. पर आता जाईल."

आवाज आता लवकर लवकर यायला लागला. दवाखान्यात शेवटच्या खाटेपाशी बसलेल्या कुणालाही तो आवाज ओळखू आला असता. कुणी काही सांगितलं नाही, पण बाया उठून उभ्या राहिल्या. ती म्हातारी चुलती आत गेली आणि फुलपात्रात पाणी घेऊन आली, वर तुळशीचं पान. तिने ते कुशावर्ताबाईच्या हातात दिलं. "घाल," म्हणाली. "तुझं राहिलतं."

"पानी नको!" मालक किंचाळले. "शॉर्ट होईल! पानी नको!" त्यांनी दोन्ही हात पसरून मॉनिटर झाकला. कुशावर्ताबाई फुलपात्र घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. टूं टूं टूं. मालकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा काचेकडे. मग बाजूला झाले. म्हणाले, "थेंबच. बोटानं."

ती फडक्यात शिरली. फडकं तोकडं होतं, त्यामुळे मी बाजूला होते तिथून मला दिसलं. तिने बोट पाण्यात बुडवलं आणि काचेवर, आईच्या दाबलेल्या हसण्यावर टेकवलं. "आले बरं का मी," ती म्हणाली. थेंब ओघळत हनुवटीपर्यंत गेला. यूपीएसचा एक लांब आवाज झाला, आई आक्रसत पडद्याच्या मध्यावर आली, पांढरा ठिपका झाली आणि गेली.

मी त्या घरची कोणी नव्हते, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मालकांनी गॉगल लावला. ओसरीत ऊन नव्हतं.

कुशावर्ताबाई फडक्यातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सुटलेला होता, वर्षभराची गाठ सुटावी तसा. तिने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "कागदाचा आनलाय का?" मी दिला. मालक खाली मान घालून म्हणाले, "ताई, ते जांभळं हाय."

"असू द्या," ती म्हणाली. "आबांला तर हिरवं वाटतंय." आणि बन्सीला खिळा ठोकायला लावून तिने तो जांभळा फोटो भिंतीवर टांगला. मॉनिटरचा हार काढून त्याला घातला. वाकळही ठेवून घेतली. येताना मॉनिटर मालकांनी काळ्या फडक्यात गुंडाळून आणला. वाटभर मला एकच विचारत होते, "ऑपरेटर, खरं सांगा, तुमी हिरवं करून ठेवलतं का?"

दुकानात मॉनिटर चालू केला तेव्हा काचेवर एक पांढुरका डाग दिसला. चकलांब्याचं जड पाणी, वाळून बसलेलं. मी धोतराचा तुकडा घेऊन पुसायला गेले, तर मालकांनी माझ्या हातातून तुकडा काढून घेतला. स्वतः पुसतील असं वाटलं. त्यांनी तो घडी करून खणात ठेवला.

मी तिथे होते तोवर तो डाग तसाच होता. पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडापाशी कुठेतरी यायचा. गिऱ्हाइकं तक्रार करायची. एक नवरदेव तर फडक्यातून तडक बाहेर आला आणि म्हणाला, "मालक, माझ्या व्हटाला डाग कशाचा?"

"तो तुमचा न्हाई," मालक म्हणाले. "कागदावर यायचा न्हाई तो."

कागदावर तो खरंच यायचा नाही. मालक प्रिंट हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, पडद्यावरच्या डागाकडे एकदा बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, "बघा ऑपरेटर. कागद लबाड."